नव्या लॅपटॉपवर लिनक्स बसवताना: कुठे अडते आणि कसे सोडवावे

चार-पाच वर्षे जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. अडचण येते ती बाजारात नुकत्याच आलेल्या यंत्रावर. इन्स्टॉलर सुरू होतो, पण वायफायचे चिन्हच दिसत नाही. किंवा डिस्कच सापडत नाही. किंवा सगळे नीट बसूनही स्पीकर मुके राहतात. विंडोजची सवय असलेला माणूस अशा वेळी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर ड्रायव्हर शोधू लागतो आणि तिथेच वाट चुकते, कारण लिनक्समध्ये बहुतेक सर्व ड्रायव्हर कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आतच असतात आणि ते कर्नेलबरोबरच मिळतात.

नवे हार्डवेअर चालण्यासाठी तीन गोष्टी पुरेशा नव्या असाव्या लागतात. पहिली म्हणजे कर्नेल, ज्यात ड्रायव्हर असतो. दुसरी म्हणजे फर्मवेअर, म्हणजे वायफाय कार्ड, ग्राफिक्स चिप किंवा ध्वनीचा प्रोसेसर सुरू होताना त्याच्या आत भरावी लागणारी फाइल. या फाइली कर्नेलमध्ये नसतात, तर ‘लिनक्स-फर्मवेअर’ या वेगळ्या संग्रहातून येतात. तिसरी म्हणजे मेसा, अर्थात ग्राफिक्सचा कर्नेलबाहेरचा भाग. ‘लिनक्सवर हे चालत नाही’ असे म्हणण्याआधी यांपैकी नेमके काय जुने आहे, हे शोधावे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच शोधासाठी आहेत.

या लेखात टर्मिनलच्या आज्ञा देवनागरीत अक्षरशः दिल्या आहेत. टंकताना त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत, मधल्या आडव्या रेघा वगळून टंकाव्यात.

हाताशी काय असावे

- किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह, आणि विंडोज परत बसवण्याची वेळ आली तर त्यासाठी दुसरा.
- यूएसबी टेदरिंग (केबलमधून लॅपटॉपला इंटरनेट देणे) करता येईल असा फोन आणि डेटा वाहून नेणारी केबल. काही केबली फक्त चार्जिंगच्या असतात. आधी तपासून घ्यावी.
- महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप, तोही त्याच लॅपटॉपच्या डिस्कवर न घेता बाहेरच्या डिस्कवर.
- बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-एन्क्रिप्शनची, ४८ अंकी रिकव्हरी की, कागदावर किंवा दुसऱ्या यंत्रावर.
- विंडोजच्या खात्याचा पूर्ण पासवर्ड. नुसता पिन पुरत नाही. का, ते पुढे येईल.
- शक्य असल्यास साधा यूएसबी माउस, कारण काही नव्या यंत्रांवर टचपॅड पहिल्याच दिवशी चालेल याची खात्री नसते.

१. यंत्रात नेमके काय आहे ते ओळखा

लॅपटॉपच्या मॉडेलच्या नावावर विसंबू नका. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये एका तुकडीत इंटेलचे वायफाय कार्ड असते, तर दुसऱ्या तुकडीत रिअलटेकचे किंवा मीडियाटेकचे. ‘याच मॉडेलवर माझे सगळे चालले’ असे कोणी लिहिले असेल, तरी त्याच्या यंत्रातले कार्ड तुमच्या यंत्रात असेलच असे नाही.

खरी ओळख म्हणजे प्रत्येक उपकरणाला असलेली क्रमांकांची जोडी. तिचा पहिला भाग उत्पादकाचा आणि दुसरा भाग त्या उपकरणाचा असतो. इंटेलचा उत्पादक क्रमांक ८०८६ आहे. कोणीतरी गमतीने निवडलेला दिसतो, कारण त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरचेही नाव तेच होते. एएमडीच्या ग्राफिक्सचा क्रमांक १००२ आहे. विंडोज अजून यंत्रावर असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये उपकरणाचे गुणधर्म उघडून तपशिलाच्या टॅबमध्ये ‘हार्डवेअर आयडी’ निवडावे. तिथे ‘व्हेन’ आणि ‘डेव्ह’ या खुणांपुढे चार-चार अक्षरांचे हे क्रमांक दिसतात.

लिनक्समध्ये हेच काम ‘एल-एस-पी-सी-आय’ ही आज्ञा करते. तिच्यापुढे मोकळी जागा सोडून वजाचिन्ह आणि लगेच ‘एन-एन-के’ ही तीन अक्षरे जोडली की प्रत्येक उपकरणाखाली त्याचा क्रमांक आणि ‘कर्नेल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ येते. ही ओळ वाचायला शिकलात तर निम्मे काम झाले. ओळच नसेल तर कर्नेलने ते उपकरण ओळखलेले नाही किंवा त्याचा ड्रायव्हर सुरू होताना कोसळला आहे; बहुतेक वेळा उपाय नव्या कर्नेलमध्ये असतो. ओळ आहे, ड्रायव्हरचे नावही आहे, तरी उपकरण चालत नाही, अशी स्थिती असेल तर संशय फर्मवेअरवर घ्यावा.

यूएसबीवरून जोडलेल्या उपकरणांसाठी ‘एल-एस-यू-एस-बी’ ही वेगळी आज्ञा आहे. ब्लूटूथ बहुधा या दुसऱ्या यादीत सापडते, कारण एकाच कार्डावरचे वायफाय पीसीआय एक्स्प्रेसवरून आणि ब्लूटूथ यूएसबीवरून जोडलेले असते. म्हणून वायफाय चालते पण ब्लूटूथ चालत नाही, यात नवल काहीच नाही. दोघांचे ड्रायव्हर आणि फर्मवेअर वेगवेगळे आहेत.

यंत्र अजून घेतलेले नसेल तर हीच माहिती खरेदीपूर्वी मिळवण्याचा प्रयत्न करावा. प्रोसेसर एआरएम जातीचा, उदाहरणार्थ स्नॅपड्रॅगन एक्स मालिकेतला असेल, तर हा लेख पुरेसा नाही. त्या यंत्रांना वेगळी इन्स्टॉलेशन प्रतिमा (पेनड्राइव्हवर लिहायची फाइल) लागते आणि प्रत्येक मॉडेलसाठी कर्नेलमध्ये स्वतंत्र वर्णन असावे लागते. नवख्याने तिथून सुरुवात करू नये, असे माझे मत आहे.

२. विंडोज असतानाच उरकायची कामे

पहिले काम बायोसचे, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीचे, अपडेट. अनेक उत्पादक ते लिनक्समधूनही देतात, त्याबद्दल पुढे लिहिले आहे; पण सर्वच देत नाहीत. लॅपटॉप कारखान्यातून निघतो तेव्हाचे बायोस बहुधा कच्चे असते आणि झोप, टचपॅड, पंख्याचा वेग अशा बऱ्याच तक्रारी केवळ नव्या बायोसने मिटतात. विंडोज पुसून टाकल्यावर हे आठवले तर निष्कारण त्रास होतो.

दुसरे काम बिटलॉकरचे. आजकालच्या बहुतेक लॅपटॉपवर डिस्क कारखान्यातूनच एन्क्रिप्ट केलेली असते किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करताच आपोआप होते, आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. बायोसमधील सिक्युअर बूटची (फक्त सही केलेली प्रणाली सुरू होऊ देणाऱ्या सोयीची) मांडणी बदलली की पुढच्या वेळी विंडोज निळ्या पडद्यावर रिकव्हरी की मागते. ती की मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, पण त्या खात्यात शिरण्यासाठी दुसरे यंत्र लागते. म्हणून की आधी उतरवून घ्या आणि बायोसला हात लावण्यापूर्वी बिटलॉकर तात्पुरते थांबवा. विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी ठेवायचे असतील तर विंडोजचे विभाजन विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करावे. लिनक्सच्या इन्स्टॉलरकडून एन्क्रिप्ट केलेले विभाजन लहान करून घेण्याच्या फंदात पडू नये.

तिसरे काम ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करण्याचे. ते चालू असताना विंडोज बंद झाल्यासारखे दिसते, पण प्रत्यक्षात अर्धवट हायबरनेट होते. परिणामी विंडोजचे विभाजन लिनक्समधून लिहिण्यासाठी सुरक्षित राहत नाही, आणि काही वायफाय कार्डे तर विंडोजने सोडलेल्या विचित्र अवस्थेतच अडकून लिनक्समध्ये सुरू व्हायला नकार देतात. ज्यांचे वायफाय एक दिवस चालते आणि एक दिवस चालत नाही, त्यांनी सर्वांत आधी हेच तपासावे.

३. डिस्ट्रो निवडताना कर्नेलचे वय पाहा

कर्नेलची नवी आवृत्ती साधारण दर नऊ-दहा आठवड्यांनी येते. डिस्ट्रो, म्हणजे उबुंटू-फेडोरासारखी लिनक्सची तयार रूपे, मात्र आपापल्या गतीने चालतात. डेबियन १२ जून २०२३ मध्ये आले ते ६.१ कर्नेल घेऊन. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये ६.१२ घेऊन आले. उबुंटू २४.०४ प्रथम ६.८ कर्नेलसह आले, पण त्याच्या पुढच्या दुरुस्त प्रतिमांमध्ये हार्डवेअर एनेबलमेंट योजनेतून नवी कर्नेल येत गेली: २४.०४.२ मध्ये ६.११ आणि २४.०४.३ मध्ये ६.१४. फेडोरा त्याच आवृत्तीच्या आयुष्यात कर्नेल पुढे नेत राहते. आर्च आणि तत्सम रोलिंग (सतत अद्ययावत होत राहणाऱ्या) डिस्ट्रोंमध्ये तर नवी आवृत्ती येताच काही दिवसांत हाती पडते.

हा फरक प्रत्यक्षात किती मोठा ठरतो, त्याचे एक उदाहरण पाहा. स्वस्त आणि मध्यम लॅपटॉपमध्ये सर्रास आढळणाऱ्या रिअलटेक ८८५२बीई या वायफाय कार्डाचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये ६.२ पासून आला. डेबियन १२ चे कर्नेल ६.१. म्हणजे एका आवृत्तीच्या फरकामुळे कार्ड मुके. त्यात कार्डाचा दोष नाही आणि वापरणाऱ्याचीही चूक नाही. डेबियनच्या बॅकपोर्ट्स (जुन्या आवृत्तीसाठी नवी पॅकेजे देणाऱ्या) संग्रहातून नवे कर्नेल आणि त्याबरोबर नवे फर्मवेअर घेतले की तेच कार्ड चालू लागते.

माझा ठोकताळा असा आहे: लॅपटॉप ज्या सुमारास बाजारात आला, त्यानंतर किमान दोन-तीन आवृत्त्या पुढचे कर्नेल देणारी डिस्ट्रो निवडावी. नवखे असाल आणि यंत्र अगदी नवे असेल तर फेडोरा किंवा उबुंटूची सर्वांत ताजी प्रतिमा बरी. दोन वर्षांपूर्वी डाउनलोड करून ठेवलेली प्रतिमा ‘हीच तर एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्ती) आहे’ म्हणून वापरू नये. त्याच एलटीएसची ताजी दुरुस्त प्रतिमा उतरवून घ्यावी.

४. बसवण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून चालवून पाहा

प्रतिमा पेनड्राइव्हवर लिहिण्यासाठी रूफस, बलेना एचर, व्हेंटॉय किंवा फेडोराचे स्वतःचे साधन, यांपैकी काहीही चालेल. त्याआधी डाउनलोड केलेल्या फाइलीचा चेकसम, म्हणजे ती जशीच्या तशी उतरली का हे सांगणारा आकडा, जुळवून पाहावा. अर्धवट उतरलेल्या प्रतिमेमुळे येणाऱ्या चुका हार्डवेअरच्या चुकांसारख्याच दिसतात आणि दिवसभर घुमवतात.

पेनड्राइव्हवरून सुरू झालेल्या लिनक्समध्ये लगेच ‘इन्स्टॉल’ दाबू नका. वायफाय जोडा, ब्लूटूथवर काहीतरी जोडा, आवाज ऐका, माइकवर बोलून ध्वनिमुद्रण परत वाजवा, कॅमेरा उघडा, ब्राइटनेसच्या कळा दाबा, बाहेरचा पडदा जोडा, आणि शेवटी झाकण बंद करून मिनिटभराने उघडा. जे चालले नाही त्याचे नाव आणि ओळख क्रमांक टिपून ठेवा. शेवटच्या परीक्षेत यंत्र उठलेच नाही तरी घाबरू नका, कारण डिस्कवर काहीच लिहिलेले नसते. पॉवरचे बटण दाबून धरायचे आणि पुन्हा सुरुवात करायची.

पडदा काळा होऊन अडकत असेल तर बूटच्या यादीत ‘सेफ ग्राफिक्स’ असा पर्याय असतो. तो कर्नेलला ‘नोमोडसेट’ हा शब्द देतो. हा शब्द इन्स्टॉल होईपर्यंतच वापरायचा असतो. अनेक जण तो कायमचा ठेवतात आणि मग ब्राइटनेस बदलत नाही, व्हिडिओ अडखळतो, बाहेरचा पडदा दिसत नाही म्हणून तक्रार करतात. त्या शब्दाने ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हरच बंद ठेवलेला असतो, हे लक्षात घ्यावे.

५. बायोसमधील दोन गाठी: डिस्क आणि सिक्युअर बूट

इन्स्टॉलरला डिस्क दिसत नसेल तर बायोसमध्ये इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडी (डिस्क हाताळण्याच्या इंटेलच्या पद्धती) चालू आहे का, ते पाहा. लिनक्समध्ये व्हीएमडीचा ड्रायव्हर आहे आणि ताज्या इन्स्टॉलरांना अशी डिस्क बहुधा दिसते. तरीही दिसली नाही तर व्हीएमडी बंद करावे लागते किंवा एएचसीआय ही साधी पद्धत निवडावी लागते. विंडोज ठेवायचे असेल तर मात्र हा बदल थेट करू नका, कारण विंडोज सुरूच होणार नाही. आधी विंडोजमध्ये सेफ मोडमध्ये सुरू होण्याची खूण करावी, मग बायोसमध्ये बदल करावा, एकदा सेफ मोडमध्ये विंडोज सुरू होऊ द्यावे आणि मग ती खूण काढून टाकावी. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असे नाही. वर पूर्ण पासवर्ड हवा म्हटले ते याचसाठी.

सिक्युअर बूट बंदच करा, असा जुना सल्ला सगळीकडे सापडतो. उबुंटू, फेडोरा, डेबियन यांना आज त्याची गरज नाही. त्यांचा बूट लोडर मायक्रोसॉफ्टच्या किल्लीने सही केलेला असतो. काही लॅपटॉपवर मात्र त्या किल्लीवरचा विश्वासच कारखान्यातून बंद ठेवलेला असतो. बायोसमध्ये ‘थर्ड पार्टी यूईएफआय सीए’ असा शब्दप्रयोग असलेला पर्याय शोधून तो चालू केला की पेनड्राइव्ह स्वीकारला जातो.

गाठ पडते ती कर्नेलबाहेरचा ड्रायव्हर घालताना, आणि सर्वाधिक वेळा तो एनव्हीडियाचा असतो. सिक्युअर बूट चालू असताना अशा ड्रायव्हरला तुमच्या यंत्रापुरती किल्ली लागते. इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या बूटला निळा पडदा येतो. तिथे दहा सेकंदांच्या आत कोणतीही कळ दाबून ‘एनरोल मॉक’ निवडायचे आणि तोच पासवर्ड द्यायचा असतो. हा पडदा नेमका कशासाठी आहे हे न कळल्याने लोक तो जाऊ देतात, आणि मग ड्रायव्हर बसलेला असूनही चालत का नाही, ते कळत नाही. शिवाय त्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकी मांडणीचा असतो, म्हणून पासवर्ड साधी अक्षरे आणि अंक यांचाच ठेवावा.

६. इन्स्टॉल आणि पहिले पूर्ण अपडेट

इन्स्टॉल करताना एकच काळजी घ्यायची: विंडोज ठेवायचे असेल तर ईएफआय विभाजन (बूट लोडर ठेवण्याचा डिस्कचा छोटा भाग) फॉरमॅट करू नये, ते फक्त वापरावे. उबुंटूसारख्या इन्स्टॉलरमध्ये ‘थर्ड पार्टी सॉफ्टवेअर’ घेण्याचा पर्याय विचारला तर हो म्हणावे. डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरात १२ व्या आवृत्तीपासून फर्मवेअर आधीच असते, त्यामुळे पूर्वीची ‘नॉन-फ्री प्रतिमा’ शोधण्याची गरज उरलेली नाही.

वायफाय नसल्याने अपडेट करता येत नाही आणि अपडेट नसल्याने वायफाय चालत नाही, या पेचातून फोन सोडवतो. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला तो तारेचे नेटवर्क म्हणून दिसतो आणि बहुतेक वेळा कोणताही ड्रायव्हर न घालता चालतो. फोन स्वतः वायफायवर असेल तर मोबाइल डेटाही खर्च होत नाही.

मग सर्व पॅकेजे अद्ययावत करा, यंत्र पूर्ण बंद करा आणि पुन्हा सुरू करा. ‘रीस्टार्ट’ पुरत नाही, असे मी मुद्दाम सांगतो: काही कार्डे रीस्टार्टमध्ये वीज न गेल्याने जुनेच फर्मवेअर धरून बसतात. त्यानंतर ‘यू-एन-ए-एम-ई’ या आज्ञेपुढे वजाचिन्ह आणि ‘आर’ देऊन खरोखर कोणते कर्नेल चालू आहे ते पाहा. नवे कर्नेल बसवले, पण बूट जुन्यावरच होत आहे, ही चूक वाटते त्याहून जास्त जणांकडून होते.

७. वायफाय: नोंदी कशा वाचाव्यात

सर्वांत जास्त प्रश्न वायफायचे असतात, म्हणून इथे थोडे थांबू. सर्वांत आधी ‘आर-एफ-के-आय-एल-एल’ ही आज्ञा देऊन कार्ड कळीने किंवा सॉफ्टवेअरने बंद केलेले नाही ना, ते पाहावे. ‘हार्ड ब्लॉक्ड’ दिसले तर एखादी विमानाचे चिन्ह असलेली (एअरप्लेन मोडची) कळ किंवा बायोसमधील पर्याय कारणीभूत असतो आणि ड्रायव्हरशी झगडण्यात अर्थ नसतो.

मग कर्नेलच्या नोंदी पाहाव्यात. ‘एस-यू-डी-ओ’ लिहून मोकळी जागा सोडून ‘डी-एम-ई-एस-जी’ ही आज्ञा दिली की यंत्र सुरू झाल्यापासूनच्या नोंदी ओळीने दिसतात. त्यात ‘फर्मवेअर’ हा शब्द शोधा. अडचणीच्या यंत्रावर पुढील अर्थाची ओळ सापडते: ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड फॉर’, मग एका फाइलीचे नाव, आणि शेवटी ‘फेल्ड विथ एरर -२’. उणे दोनचा अर्थ फाइल सापडली नाही, एवढाच. कार्ड बिघडलेले नाही आणि ड्रायव्हरही ठीक आहे. त्याने नाव घेऊन मागितलेली फाइल डिस्कवर नाही, एवढाच प्रश्न आहे.

इंटेलच्या कार्डांबाबत एक फसवी गोष्ट आहे. त्यांचा ‘आयडब्ल्यूएल-वायफाय’ हा ड्रायव्हर फर्मवेअरची स्वतःला माहीत असलेली सर्वांत नवी आवृत्ती आधी मागतो, ती नसेल तर तिच्या खालची, मग तिच्याही खालची. त्यामुळे नोंदींत एकाखाली एक अशा चार-पाच अपयशाच्या ओळी दिसू शकतात, आणि त्या लाल अक्षरांत असल्याने छातीत धस्स होते. त्यांच्या खाली ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ अशी ओळ असेल तर वरच्या सगळ्या ओळी निरुपद्रवी समजाव्यात आणि दोष दुसरीकडे शोधावा. ती शेवटची ओळ नसेल, तरच फर्मवेअरचे पॅकेज जुने आहे.

हे पॅकेज किती जुने आहे, ते त्याच्या नावावरूनच कळते, कारण ‘लिनक्स-फर्मवेअर’ संग्रहाच्या आवृत्तीचा क्रमांक म्हणजे तारीखच असते: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. ती तारीख लॅपटॉपच्या जन्मापूर्वीची असेल तर आणखी काही शोधण्याची गरज नाही.

ड्रायव्हरची नावे ओळखीची असावीत. रिअलटेकच्या नव्या कार्डांसाठी ‘आरटीडब्ल्यू८९’, जो कर्नेलमध्ये ५.१६ पासून आहे. मीडियाटेकसाठी ‘एमटी७९२१’ आणि वायफाय ७ च्या कार्डांसाठी ‘एमटी७९२५’, जो ६.७ पासून आहे. क्वालकॉमसाठी ‘एटीएच११के’ आणि ‘एटीएच१२के’. तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर कोणत्या आवृत्तीपासून आला हे कळले की नवे कर्नेल घ्यायचे की नवे फर्मवेअर, याचा निर्णय आपोआप होतो.

कोणा एकाने सार्वजनिक संग्रहात ठेवलेला ड्रायव्हर स्वतः कंपाइल करून घालणे हा शेवटचा उपाय असावा. तो डीकेएमएसच्या (प्रत्येक नव्या कर्नेलसाठी ड्रायव्हर आपोआप पुन्हा तयार करणाऱ्या) पद्धतीने घातलेला नसेल तर पुढच्या कर्नेल अपडेटला वायफाय पुन्हा जाते, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर सहीचा प्रश्न येतोच.

कार्ड बदलायचे ठरवलेत तर एक सावधगिरी. इंटेलची एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही कार्डे दिसायला साध्या कार्डांसारखी असली तरी त्यांचा निम्मा भाग इंटेलच्या प्रोसेसरमध्ये किंवा चिपसेटमध्ये असतो. एएमडीच्या लॅपटॉपमध्ये ती चालत नाहीत. तिथे एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्यावे. शिवाय कार्ड सोल्डर केलेले नाही ना, ते लॅपटॉप उघडण्याआधीच त्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावे.

८. ग्राफिक्स

एएमडी आणि इंटेलसाठी वेगळे काही उतरवून घालायचे नसते. कर्नेल, फर्मवेअर आणि मेसा नवे असले की झाले. फर्मवेअर हाताने बदलले असेल तर आरंभीची डिस्क-प्रतिमा, म्हणजे इनिटरॅमएफएस, पुन्हा तयार करावी लागते. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बूटच्या सुरुवातीलाच तिच्यातून फर्मवेअर उचलतो, त्यामुळे डिस्कवर नवी फाइल ठेवूनही जुनीच वापरली जात राहते.

एनव्हीडियाचा ड्रायव्हर नेहमी डिस्ट्रोच्या संग्रहातून घ्यावा: उबुंटूमध्ये ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ या खिडकीतून, फेडोरात आरपीएम फ्यूजनमधून. कंपनीच्या संकेतस्थळावरची स्वतः चालणारी फाइल वापरल्यास कर्नेल बदलताच पडदा काळा होण्याचा धोका असतो. आरटीएक्स ५० मालिकेच्या चिपांना ५७० किंवा त्यापुढचा ड्रायव्हर लागतो, तोही खुल्या कर्नेल मॉड्यूलांचा. जुन्या पद्धतीची बंद मॉड्यूले त्यांच्यावर चालतच नाहीत. दोन ग्राफिक्स चिपा असलेल्या यंत्रावर रोजचे काम प्रोसेसरमधल्या चिपेवर राहू द्यावे आणि मोठी चिप लागेल त्याच प्रोग्रामला द्यावी. सतत मोठ्या चिपेवर चालवले तर बॅटरी पाहता-पाहता उतरते.

९. आवाज, कॅमेरा, बोटाचा ठसा

ध्वनीच्या यादीत फक्त ‘डमी आउटपुट’ दिसत असेल आणि प्रोसेसर इंटेलचा असेल, तर बहुतेक वेळा साउंड ओपन फर्मवेअरचे पॅकेज राहिलेले असते. डेबियनमध्ये त्याचे नाव ‘फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड’, फेडोरात ‘अल्सा-एसओएफ-फर्मवेअर’ आहे. हेडफोनमध्ये आवाज येतो पण स्पीकर मुके किंवा पत्र्यासारखे वाजतात, हा निराळा प्रकार आहे. त्यात स्पीकरसाठी वेगळी ॲम्प्लिफायर चिप असते, उदाहरणार्थ सिरस लॉजिकची सीएस३५एल४१, आणि तुमच्या मॉडेलची नोंद कर्नेलमध्ये व्हावी लागते. आवाजाची पट्टी वरखाली करून ते सुटत नाही. नव्या कर्नेलची वाट पाहावी.

कॅमेरा ‘एल-एस-यू-एस-बी’च्या यादीत दिसत असेल तर तो बहुधा चालेलच. इंटेलच्या काही पातळ लॅपटॉपमध्ये तो यूएसबीवर नसून आयपीयू६ नावाच्या प्रतिमा-प्रक्रियेच्या घटकाला जोडलेला असतो. त्याचा मूलभूत ड्रायव्हर कर्नेल ६.१० मध्ये आला, आणि पुढचे काम लिबकॅमेरा हे सॉफ्टवेअर करते. अशा यंत्रावर कॅमेऱ्याची गरज रोजची असेल तर साधा यूएसबी कॅमेरा घेणे शहाणपणाचे.

बोटाच्या ठशाचे वाचक यंत्र लिबएफप्रिंट या सॉफ्टवेअरच्या यादीत त्याचा यूएसबी क्रमांक असेल तरच चालते. यादीत नसेल तर त्यामागे वेळ घालवू नये.

१०. झोप आणि बॅटरी

झाकण बंद करून पिशवीत ठेवलेला लॅपटॉप तापून बॅटरी रिकामी करून बसतो, ही तक्रार नव्या यंत्रांची खास. कारण असे की पूर्वीची एस३ झोप (मेमरीखेरीज बाकी जवळपास सगळे बंद करणारी) अनेक नव्या लॅपटॉपांच्या बायोसमधून काढूनच टाकली आहे आणि तिच्या जागी एस२आयडल आली आहे, जिच्यात प्रोसेसर आणि प्रत्येक उपकरणाने स्वतःहून गाढ झोपेत जावे लागते. एकाने जरी नकार दिला तरी सगळे जागे राहतात. ‘सिस’ फोल्डरातील ‘पॉवर’ या उपफोल्डरात ‘मेम_स्लीप’ ही फाइल वाचली की यंत्राकडे कोणते पर्याय आहेत ते दिसते. चौकटी कंसातला पर्याय सध्या निवडलेला असतो. तिथे फक्त ‘एस२आयडल’ असेल तर ‘डीप’ हा शब्द कर्नेलला देऊन काही साधत नाही. काही लॅपटॉपांच्या बायोसमध्ये झोपेचा प्रकार निवडण्याची सोय असते, ती मात्र पाहावी.

झोप खरोखर लागली का, हे तपासण्याची चांगली जागा त्याच उपफोल्डरात आहे. ‘सस्पेंड_स्टॅट्स’मध्ये ‘लास्ट_एचडब्ल्यू_स्लीप’ ही फाइल नव्या कर्नेलांत असते. शेवटच्या झोपेत हार्डवेअर किती मायक्रोसेकंद गाढ झोपेत होते, तो आकडा तिच्यात दिसतो. दहा मिनिटे झाकण बंद ठेवून आकडा शून्य आला तर यंत्र झोपलेच नव्हते. मग यूएसबीला लावलेली उपकरणे एकेक करून काढून पुन्हा तपासा, आणि बायोसचे अपडेट पाहा.

ते अपडेट लिनक्समधून मिळते का, हे ‘एफ-डब्ल्यू-यू-पी-डी-एम-जी-आर’ या साधनाने कळते. ‘रिफ्रेश’, मग मधल्या रेघेसह ‘गेट-अपडेट्स’, आणि शेवटी ‘अपडेट’ अशा क्रमाने ते चालवावे. चार्जर जोडलेला असावा आणि मध्येच यंत्र बंद करू नये.

बॅटरी वाचवण्यासाठी टीएलपी आणि पॉवर-प्रोफाइल्स-डीमन ही दोन साधने एकाच वेळी ठेवू नयेत. ती एकमेकांचे निर्णय फिरवतात. केडीई या डेस्कटॉपमध्ये, आणि ४८ व्या आवृत्तीपासून ग्नोम या डेस्कटॉपमध्येही, यंत्राची साथ असेल तर चार्जिंग ठरावीक टक्क्यांवर थांबवण्याची सोय आहे. लॅपटॉप दिवसभर चार्जरवर असेल तर ती जरूर वापरावी.

११. तरीही अडले तर

कर्नेलला द्यायचे शब्द कुठूनतरी उचलून कायमचे लिहून ठेवणे, हा सर्वांत महागात पडणारा मार्ग आहे. विशेषतः ‘एसीपीआय=ऑफ’ हा जुना तोडगा नव्या लॅपटॉपवर बॅटरीची माहिती, टचपॅड आणि झोप, तिन्ही बंद पाडतो. एखादा शब्द तपासायचाच असेल तर ग्रबच्या (सुरुवातीला कर्नेल निवडू देणाऱ्या बूट लोडरच्या) यादीत ‘ई’ कळ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी तो लिहावा आणि एफ१० दाबून बूट करावे. असा बदल त्या एका बूटपुरताच राहतो. एका वेळी एकच बदल करावा, आणि काय केले ते लिहून ठेवावे.

नव्या कर्नेलने आधी चालणारे काही बंद पडले तर ग्रबच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुने कर्नेल निवडता येते. म्हणून जागा वाचवण्यासाठी जुनी कर्नेले पुसण्याची घाई करू नये. किमान एक चालती आवृत्ती राखून ठेवावी.

कुणाकडे मदत मागायची असेल किंवा डिस्ट्रोकडे दोष नोंदवायचा असेल, तर लॅपटॉपचे पूर्ण मॉडेल, बायोसची आवृत्ती, कर्नेलची आवृत्ती, अडलेल्या उपकरणाचा ओळख क्रमांक आणि कर्नेलच्या नोंदींची संपूर्ण फाइल द्यावी. नोंदींतला आपल्याला महत्त्वाचा वाटलेला तुकडा तेवढा कापून देऊ नये, कारण खरे कारण बहुधा त्याच्या बऱ्याच ओळी आधी असते. नोंदींत यंत्राचा अनुक्रमांक आणि नेटवर्क कार्डाचा पत्ता असू शकतो. तेवढे मात्र पाठवण्यापूर्वी झाकावे. कोणत्या कर्नेलवर चालत होते आणि कोणत्यापासून बंद झाले हे सांगता आले, तर त्या दोन आवृत्त्यांमधला दोषी बदल शोधणे विकासकांना पुष्कळच सोपे जाते.